लष्करी जनित्राचे डिझेल इंजिन अर्ध्या तासात बंद पडते: लाइनमध्ये हवा शिरते कुठून?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आर्वी तालुक्यातील माझ्या मामेभावाचा फोन आला. "अर्धा तास चालते अन् मंग बंद पडते. हवा काढली का पुन्हा सुरू. काय कराव भाऊ याले?" त्याच्या बागेत आंबिया बहाराची संत्री लिंबाएवढी झाली होती, पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता आणि विजेचा भरवसा नव्हता. विहिरीवरची ५ अश्वशक्तीची मोटर चालवता यावी म्हणून त्याने भंगाराच्या व्यापाऱ्याकडून लष्कराने निकाली काढलेला एक जनित्र संच विकत घेतला होता. संरक्षण खात्याचा असा माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून लॉटने विकला जातो आणि लॉट उचलणारा व्यापारी पुढे तो सुटा सुटा विकतो, त्यामुळे संच शेतकऱ्याच्या दारात उतरतो तेव्हा त्यासोबत ना माहितीपुस्तिका असते, ना दुरुस्तीची नोंदवही. याही संचाचे तसेच होते. हिरव्या रंगाचे तीन थर खरवडल्यावर पितळी पट्टीवर बाणाची खूण दिसली आणि १५ केव्हीए, १५०० फेरे, ५० हर्ट्झ, २४ व्होल्ट एवढी अक्षरे लागली. बाकी पट्टी घासून गुळगुळीत झालेली होती.

मी पोहोचलो तोवर दोन सिलिंडरच्या या इंजिनावर बरेच प्रयोग होऊन गेले होते. नोझलला जोराच्या दाबाने डिझेल देणारा मुख्य फ्युएल पंप दोन वेळा डिझेल लॅबमध्ये (पंप-नोझल दुरुस्तीच्या दुकानात) जाऊन आला होता, नोझल नवे बसले होते, फिल्टर तीनदा बदलले होते. प्रत्येक वेळी इंजिन एखाद-दोन दिवस बरे चालले आणि पुन्हा मूळपदावर आले. एका कारागिराने उष्णतेने पंप फुगतो असे निदान करून पंपावर ओले पोते बांधून ठेवले होते. इंजिन गरम असताना सुरूच होत नसेल आणि बंद केलेल्या पंपावर ओले फडके ठेवल्यावर सुरू होत असेल, तर पंपाचे प्लंजर, म्हणजे आतले दट्टे, झिजले आहेत असा संशय घेण्यास जागा असते, कारण गरम डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटीतून निसटते. येथे मात्र तसे नव्हते. हँड प्रायमर, म्हणजे लाइनमध्ये डिझेल भरून हवा काढणारा हाताचा पंप, वीस-पंचवीस वेळा दाबला की इंजिन तापलेल्या अवस्थेतच पहिल्या स्टार्टला सुरू होत होते. प्रायमरने पंपाची झीज भरून निघत नाही, त्यामुळे पंप निर्दोष असल्याचे हे पुरेसे लक्षण होते आणि लॅबचा खर्च फुकट गेला होता.

हवा काढल्यावर इंजिन सुरू होते, म्हणून हवा काढणे हीच दुरुस्ती असे घरातल्या सर्वांनी धरून चालवले होते. माझ्या भाच्याचा तर त्यात इतका हातखंडा झाला होता की अंधारातही तो फिल्टरवरचा स्क्रू नेमका अर्धा फेरा सैल करी. पण आज काढलेली हवा उद्या पुन्हा त्याच नळीत सापडते, याचा अर्थ तिला आत यायला वाट आहे. ती वाट बाहेरून दिसत नाही आणि का दिसत नाही हे समजल्याशिवाय पाना हातात घेण्यात अर्थ नाही.

डिझेलच्या लाइनचे दोन भाग असतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपापर्यंतचा, भाग ओढीचा असतो, म्हणजे तेथे नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. फीड पंपापासून पुढे, फिल्टर आणि मुख्य पंपापर्यंतचा भाग दाबाचा असतो आणि तेथे साधारण १ बारच्या आसपास दाब राहतो. दाबाच्या भागात जोड सैल असेल तर डिझेल बाहेर पाझरते, त्यावर धूळ चिकटते आणि दोष डोळ्यांना दिसतो. ओढीच्या भागात जोड सैल असेल तर डिझेलचा थेंबही बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते आणि जोड वरून अगदी कोरडा, स्वच्छ दिसतो. कारागीर ओल शोधत फिरतो आणि दोष कोरड्या जागी असतो. या संचावर फिल्टरजवळच्या सगळ्या जोडांवर इपॉक्सी लांबीचे थर चढवलेले होते, कारण तेथे ओल दिसत होती. टाकीकडच्या जोडांना कोणी हात लावला नव्हता, कारण ते कोरडे होते.

ओढीच्या बाजूचा दोष शोधण्याआधी इंजिन डिझेलअभावीच मरते आहे याची खात्री करून घ्यावी. डिझेल कमी पडू लागले की इंजिनाचा आवाज आधी डोलू लागतो, फेरे खालीवर होतात, व्होल्टमीटरचा काटा हलतो, मोटरचा आवाज बदलतो आणि मग इंजिन निमूटपणे बसते. मरताना काळा धूर येत नाही. भार जास्त झाला असेल तर काळा धूर येतो. इंजिन तापून पिस्टन धरू लागला असेल तर ठोका येतो, जळका वास येतो आणि बंद झालेले इंजिन हाताने फिरवायला जड जाते. अशा वेळी प्रायमरचा काही उपयोग होत नाही. ज्या संचांवर डिझेल चालू ठेवणारा विजेचा सोलेनॉइड असतो, तेथे बॅटरीचा दाब उतरला तरी इंजिन असेच गप्प बसते, म्हणून तेथे आधी दोन्ही बॅटऱ्यांची जोडणी तपासावी. आमच्या संचाचा बंद करण्याचा दांडा हाताचा होता, म्हणून तो प्रश्न उद्भवला नाही.

त्यानंतर मी भाच्याला खडू दिला आणि शेडच्या भिंतीवर तीन गोष्टी लिहायला सांगितल्या: इंजिन किती वाजता सुरू केले, किती वाजता बसले, आणि बसले तेव्हा काठी घालून मोजलेले टाकीतले डिझेल किती होते. दोन दिवसांत सहा नोंदी झाल्या. या सहा ओळींनी लॅबच्या दोन बिलांपेक्षा जास्त सांगितले, पण ते मला लगेच वाचता आले नाही हेही कबूल केले पाहिजे. त्याकडे पुढे येतो.

पहिली चाचणी सोपी आहे. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घेऊन तो इंजिनापेक्षा उंचावर टांगावा आणि त्यातून पारदर्शक नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडावी. टाकी, टाकीचा कॉक आणि त्यामधली नळी पूर्णपणे वगळली जाते. उरलेले डिझेल टाकीकडे नेणारी परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी आणि तिचे तोंड डिझेलखाली बुडवून ठेवावे, म्हणजे हवा येत असेल तर बुडबुडे दिसतात. आम्ही भार लावून इंजिन सुरू केले. सुरुवातीची दोन-तीन मिनिटे बुडबुडे आले, मग बंद झाले आणि इंजिन सव्वा तास एका सुरात चालले. मग आम्हीच ते बंद केले. दोष टाकी आणि फीड पंप यांच्या दरम्यान आहे हे ठरले.

येथे एक सूचना देणे आवश्यक आहे. चाचणीसाठी भार म्हणून विहिरीची मोटर वापरताना ती चेंजओव्हर स्विचमधूनच जोडावी, म्हणजे एका वेळी जनित्र किंवा महावितरण यांपैकी एकच जोडले जाते. जनित्राची वीज महावितरणच्या तारेत उलटी गेली, तर रोहित्रातून तिचा दाब वाढतो आणि बंद लाइन समजून खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जातो. शेडची दोन्ही दारे उघडी ठेवावीत, कारण बंद शेडमधला धूर माणसाला गुंगी आणून मारतो. तसेच नोझल बाहेर काढून फवारा पाहताना त्यासमोर बोट धरू नये. तो फवारा कातडीतून आत घुसतो, बाहेर टाचणीएवढा डाग दिसतो आणि आत मात्र बोट सडू लागते; असे झाल्यास घरगुती उपाय न करता तत्काळ इस्पितळ गाठावे.

आता ओढीच्या भागातील नेमकी जागा शोधायची. येथे मी जी युक्ती वापरतो ती इतकी साधी आहे की सांगताना संकोच वाटतो: ज्या नळीतून डिझेल ओढले जाते, त्याच नळीत डिझेल दाबाने उभे करायचे. हवा ज्या फटीतून आत येत होती, त्याच फटीतून मग डिझेल बाहेर येते. टाकीकडची नळी टाकीच्या तोंडापाशी सोडवून ती उंचावर टांगलेल्या कॅनला जोडली, फीड पंपाचे पुढचे, फिल्टरकडचे तोंड बूच लावून बंद केले आणि कॅन शेडच्या आढ्याला, जोडांपासून सुमारे दोन मीटर उंचीवर बांधला. दोन मीटर डिझेलचा दाब सुमारे ०.१६ बार भरतो; फार नाही, पण पुरेसा आहे. सायकलच्या पंपाने हवा भरून साबणाचे पाणी लावण्याची रीतही आहे, पण जुन्या नळ्यांवर किती दाब दिला याचा अंदाज राहत नाही आणि चांगला जोडही त्यात फाटू शकतो. नंतर सगळे जोड पेट्रोलच्या फडक्याने पुसून कोरडे केले, त्यावर खडूची बारीक पूड चोळली आणि आम्ही जेवायला गेलो. खडूवर डिझेलचा डाग लगेच काळपट उमटतो, थेंब गळण्याची वाट पाहावी लागत नाही.

परत आलो तेव्हा डाग दोन ठिकाणी होते. एक फीड पंपाच्या तोंडावरच्या बँजो बोल्टच्या (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) वायसरवर, अगदी नखाएवढा. दुसरा मोठा होता, तीनमार्गी कॉकच्या दांड्याभोवती.

हा तीनमार्गी कॉक शेतीच्या साध्या इंजिनावर सहसा दिसत नाही. रणभूमीवर संचाची टाकी पुन्हा पुन्हा भरणे सोयीचे नसते, म्हणून अनेक लष्करी संचांना बाहेर ठेवलेल्या पिंपातून थेट डिझेल ओढण्यासाठी वेगळे तोंड दिलेले असते. कॉकची मूठ फिरवली की इंजिन टाकीऐवजी पिंपातून डिझेल घेते. रचना उत्तम आहे. पण संच वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिला की कॉकच्या दांड्याभोवतीची ग्लँडची दोरी, म्हणजे नटाखाली दाबून फट बुजवणारी दोरी, वाळते आणि आक्रसते. बाहेरच्या तोंडाचे बूचही व्यापाऱ्याकडच्या चढउतारीत हरवते किंवा सैल होते. ज्याला या तोंडाचा उपयोग ठाऊक नाही तो त्याला नुसते एक नको असलेले टोक समजतो आणि त्याकडे बघतही नाही. लष्करी संच हवा घेत असेल तर मी आता सर्वप्रथम हा कॉक पाहतो.

ग्लँडचा नट आवळून पाहण्याचा मोह होतो आणि एखादा आठवडा त्याने भागतेही, पण वाळलेली दोरी आवळल्याने भुगा होते आणि तिचे तुकडे फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. जुनी दोरी पूर्ण काढावी. ती करड्या-पांढऱ्या रंगाची असेल तर ती अ‍ॅस्बेस्टॉसची असण्याची शक्यता धरावी, ती डिझेलने भिजवून आकड्याने काढावी आणि हवेच्या झोताने मुळीच उडवू नये. तिच्या जागी ग्रॅफाइटची दोरी दांड्याभोवती एकेका वेढ्याचे तुकडे कापून, प्रत्येक तुकड्याचा जोड वेगळ्या दिशेला येईल अशी बसवली आणि मूठ हाताने जरा जड फिरेल इतपतच नट आवळला. टेफ्लॉन टेपचा वापर या कामात मी टाळतो. ऑलिव्हच्या (नळीवर आवळून बसणाऱ्या धातूच्या कडीच्या) किंवा बँजोच्या जोडात आटे गळती रोखत नसतात, धातूच्या टेकलेल्या कडा रोखतात, त्यामुळे आट्यांवर टेप गुंडाळून काही साधत नाही आणि टेपचा सुटलेला धागा मात्र पुढे जाऊन अडकतो.

तांब्याच्या वायसरचे म्हणाल, तर एकदा दाबले गेलेले तांबे कडक होते आणि दुसऱ्यांदा आवळताना कडेशी नीट बसत नाही. पंप दोनदा लॅबमध्ये गेला तेव्हा तेच वायसर दोनदा परत लावले गेले होते. नवा वायसर मिळत असेल तर नवाच लावावा; आर्वीत त्या मापाचा मिळाला नाही, म्हणून आम्ही जुनाच चुलीच्या निखाऱ्यावर लालभडक केला आणि पाण्यात टाकला, म्हणजे तो पुन्हा मऊ झाला. लोखंड असे पाण्यात टाकले तर कडक होऊ शकते, तांब्याचे तसे नसते. वरची काजळी बारीक पॉलिश पेपरने काचेवर घासून काढली. रबरी नळीचा कॉकजवळचा अडीच फुटांचा तुकडाही बदलला, कारण तो वाकवल्यावर आतून तडतडत होता.

संध्याकाळी इंजिन लावले. पाऊण तास झाला, एक तास झाला, दीड तास झाला. भावाने वहिनींना चहा ठेवायला सांगितले. पावणेदोन तासांनी आवाज डोलू लागला आणि इंजिन बसले.

त्या रात्री मी भिंतीवरच्या ओळी पुन्हा वाचल्या. टाकी काठोकाठ भरलेली असताना इंजिन वीस-पंचवीस मिनिटांत बसले होते आणि अर्धी असताना तासाभराच्या पुढे चालले होते. हे सगळ्यांना उलटे वाटले होते, कारण डिझेल जास्त असेल तर इंजिन जास्त चालायला हवे. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बंद असेल तर मात्र असेच घडते. बंद टाकीतून डिझेल निघून जाते पण त्याच्या जागी हवा येत नाही, म्हणून वरच्या मोकळ्या जागेत पोकळी तयार होते. टाकी भरलेली असताना वर समजा २ लिटरचीच मोकळी जागा आहे आणि एवढ्या भाराला ताशी सुमारे २ लिटर डिझेल लागते. अर्ध्या तासात १ लिटर गेले की त्या २ लिटर हवेला ३ लिटर जागा व्यापावी लागते आणि तिचा दाब एक तृतीयांशाने उतरतो. म्हणजे फीड पंपाला जणू चार मीटर खालून डिझेल उपसावे लागते. टाकी अर्धी असेल आणि वर २० लिटर हवा असेल, तर १ लिटर गेल्याने काही फरक पडत नाही. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्षात परतीच्या नळीतून आणि झाकणाच्या वायसरमधून थोडी हवा येत असते. तरी नोंदींशी तो जुळत होता आणि सैल ग्लँडमधून हवा इतक्या जोराने का ओढली जात होती हेही त्यातून उलगडत होते. दोन दोष एकमेकांना हात देत होते. एक बुजवला तेव्हा दुसरा उघडा पडला.

सकाळी झाकण फिरवताच फुस्स असा आवाज आला. छिद्राच्या आत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते आणि त्यावरून कोणीतरी हिरवा रंग मारला होता. तार घालून छिद्र मोकळे केले, बाहेरून पितळी जाळीचा तुकडा बसवला. असा संशय असेल त्याने झाकण सैल ठेवून इंजिन चालवून पाहावे, पाच मिनिटांत उत्तर मिळते. मी ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते. कॅनची चाचणी यशस्वी झाली तेव्हा कॅनचे तोंड उघडे होते, हे माझ्या लक्षात आले नाही.

याच नोंदी उलट्या आल्या असत्या, म्हणजे भरल्या टाकीवर इंजिन बिनतक्रार चालून ठरावीक पातळीला येताच बसत असते, तर टाकीतली उभी नळी डाखाच्या जागी तडकली आहे असे मी समजलो असतो; डिझेल तड्याच्या खाली गेले की नळी हवा ओढू लागते. अशी टाकी आधी धुवून, पाण्याने काठोकाठ भरून मगच डाखासाठी द्यावी. रिकाम्या टाकीत डिझेलची वाफ असते.

हात लागलाच होता म्हणून टाकी उतरवून आतला गंजही काढला. मूठभर नट-बोल्ट आणि फॉस्फरिक अ‍ॅसिडचे पातळ द्रावण घालून ती हलवली, धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली आणि लगेच डिझेल भरले, कारण कोरडे उघडे लोखंड पहिल्या पावसातच पुन्हा गंजते.

त्यानंतर तीन आठवडे संच रोज तीन ते चार तास चालतो आहे. काटा ५० हर्ट्झवर स्थिर राहतो आणि प्रायमरला दिवसा हात लावावा लागलेला नाही. सकाळी मात्र पहिल्या स्टार्टला इंजिन अजूनही उचलत नाही, चार-पाच वेळा प्रायमर दाबावा लागतो. हा वेगळा दोष आहे. फीड पंपाचा एक व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याने रात्रभरात फिल्टरमधले डिझेल टाकीकडे उतरते. चालू इंजिनाला त्याचा त्रास नाही. व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग नागपूरहून मागवली आहे. ती आल्यावर बसवायची आहे, आणि त्याच वेळी आर्वीत न मिळालेला नवा वायसरही बँजोखाली टाकायचा आहे.